मडम विकणे आहे

जुन्या युरोपियन स्पोर्ट्स कार विकणारी एक वेबसाइट आहे. मला गाड्यांतलं काही कळत नाही, साधी स्कूटरही येत नाही, पण अधूनमधून ती उघडून बघायची मला सवय लागली आहे. गेल्या आठवड्यात तिथे मडम दिसली. गडद हिरवा रंग, नव्या चामड्याच्या सीट, मागे पांढरी भिंत, चाकांखाली चक्क गालिचा. खाली इंग्रजीत वर्णन होतं: इंग्लंडमध्ये बनलेली, दोन सीटची, उघड्या टपाची, इंजिन त्याच बनावटीचं, त्याच काळातलं. सगळ्यात शेवटी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, आधीचा मालक: मुंबईतील एक गृहस्थ.

ते गृहस्थ म्हणजे आमचे पेंडुरकर काका.

आम्ही मुलुंडला एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, काका तळमजल्यावर. उंच, सडपातळ, बाहेर सोडलेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खांद्यावर पिवळं फडकं. ते फडकं घेऊन ते बँकेतसुद्धा जायचे. काकू हयात असताना एकदा एका लग्नातून त्यांनी काकांना घरी परत पाठवलं होतं, कारण सफारीवरही फडकं तसंच होतं. घरी येऊन काका फडकं ठेवून गेले नाहीत. धुतलेलं फडकं घेऊन गेले.

मडम त्यांच्याकडे कशी आली हे बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला पाठ होतं. काका तरुणपणी गोदीत माल सोडवणाऱ्या एका कंपनीत कारकून होते. कुणी परदेशी साहेब देश सोडून जाताना ही गाडी गोदामात टाकून गेला. ती चालत नव्हती, तिचे भाग इथे मिळत नव्हते, म्हणून कुणी हात लावेना. काकांनी ती कंपनीकडून घेऊन, मिस्त्री लावून चालू केली आणि थेट घरी आणली. त्यांची आई दारात आली, तिने गाडीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "लोकांचे झील सुना हाडतत, माझो मडम घेवन इलो!"

झील म्हणजे मुलगा, मडम म्हणजे गोरी बाई. तेव्हापासून गाडीचं नाव मडम. तिच्या कंपनीचं नाव काकांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही. ते तिच्याशी अहोजाहो करून बोलायचे. दर रविवारी सकाळी ताडपत्री काढायची, बॉनेटवर थाप मारायची आणि म्हणायचं, "उठा." मग किल्ली. इतक्या वर्षांत नुसती किल्ली फिरवलेली कुणी पाहिली नाही.

मडमची रविवारची फेरी कंपाउंडमध्येच असायची. गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. शेजारच्या सीटवर बिल्डिंगमधल्या एकेका मुलाचा नंबर. मुलं आदल्या दिवसापासून भांडायची. मी कधी नंबर लावला नाही. मागायला जमायचंच नाही मला. शाळेतही पाणी प्यायला जायचं तर मी मधल्या सुट्टीची वाट बघायचे. मी जिन्यात उभी राहून बघायचे, बस. एका रविवारी फेऱ्या संपल्या, मुलं पांगली, तरी काकांनी ताडपत्री घातली नाही. डाव्या बाजूचं दार उघडं ठेवून ते बॉनेट पुसत राहिले. माझ्याकडे बघितलं नाही, हाक मारली नाही. पुसून पुसून त्या बॉनेटमध्ये आणखी पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवटी मी जाऊन बसले. काकांनी दार लावलं आणि फेरी मारली. आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही. उतरताना फक्त म्हणाले, "मडमला पण बडबडी पोरं नाही आवडत."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "चालती ती गाडी. उभी ती मूर्ती. आणि मूर्ती बघायला मी देवळात जातो." हे ते माणसांनाही लावायचे. सोसायटीचे सेक्रेटरी सावंत दिवसभर ऑफिसच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. त्यांना येता-जाता काका ऐकवायचे, "सावंता, ऊठ, जरा चाल रे. गंज चढलो तर ग्रीस लावूक कोण येतलो?" सावंत म्हणायचे, "काका, तुमची मडम आठवड्यातून एकदा उठते, तिचं काय?" काका म्हणायचे, "ती बाईमाणूस आहे. तिला शोभतं."

काकू गेल्या आणि काकांचं बोलणं कमी झालं. त्यांना मूलबाळ नव्हतं. रविवारची फेरी चालू राहिली, पण शेजारच्या सीटवर ते कुणाला घेईनात. मुलंही मोठी झाली होती, त्यांच्या हातात मोबाइल होते. सकाळी ताडपत्रीचा खसखस आवाज यायचा, मग इंजिनाचा, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "चला, काका आहेत."

मग बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. सह्या झाल्या, घरं रिकामी करायची तारीख आली. सगळे भाड्याच्या घरांच्या शोधात होते. सोसायटीच्या सभेत सावंतांनी विषय काढला. "काका, राग मानू नका. बिल्डरला कंपाउंड मोकळं हवंय. मडमचं काय करताय? नाहीतर त्याची माणसं उचलतील आणि सरळ भंगारात टाकतील."

काका म्हणाले, "विकतो."

सावंतांनी लिहून घ्यायला वही उघडली.

"पण एक अट आहे," काका म्हणाले. "ती इथे आली चालत. जाताना पण ह्या गेटातनं चालतच जाणार. दोरीने ओढून, ट्रकवर घालून नाही. प्रेतासारखी नाही."

दुसऱ्या दिवशी ते आमच्या घरी आले. माझ्या आईला म्हणाले, "सईकडे काम आहे. इंग्लिशात जाहिरात लिहायची. ती बोलत नाही, पण लिहीत असेल." मी लॅपटॉप उघडला. काका बाजूला ताठ बसले आणि सांगू लागले. रंग मूळचा. कागदपत्रं सगळी चालू. टप नवीन शिवलेला.

"आणि लिही, इंजिन बदललेलं आहे. टॅक्सीचं घातलंय. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं. एकदम झकास. कुठलाही मेकॅनिक दुरुस्त करेल."

मी थांबले. ह्या गाड्या घेणारे लोक काय बघतात ते मी आदल्या रात्री वाचलं होतं. मूळ इंजिन, त्यावरचा मूळ नंबर. ते नसेल तर त्यांच्या लेखी गाडी अर्धीच.

"काका, हे आत्ताच लिहायला हवं का? कुणी विचारलं तर सांगू."

"का? टॅक्सीचं म्हणून लाज वाटते?"

"तसं नाही. ह्या लोकांना ओरिजिनल लागतं."

काकांनी नजर आमच्या फ्रिजकडे वळवली. मग जे सांगितलं ते मात्र बिल्डिंगमधल्या कुणाला पाठ नव्हतं.

माझ्या जन्माआधी काकू घाटकोपरच्या एका शाळेत ग्रंथपाल होत्या. लहानपणच्या पोलिओने त्यांचा एक पाय अधू होता. गर्दीत चढणं-उतरणं त्यांना जमत नसे, म्हणून काका रोज त्यांना मडममधून सोडून मग गोदीत जायचे. एके दिवशी मडमचं इंजिन बसलं. भाग इंग्लंडहून मागवायचे म्हणजे महिनोन्महिने थांबायचं. काकूंनी सांगून टाकलं की मी नोकरी सोडते, तुमच्या जिवाला घोर नको. काकांनी त्याच आठवड्यात गॅरेजवाल्याला सांगून टॅक्सीचं इंजिन बसवून घेतलं.

"गॅरेजवाला रडायचा बाकी होता," काका म्हणाले. "म्हणतो, पेंडुरकर, हे तर पैठणीला गोणपाटाचं ठिगळ. मी म्हटलं, लाव. त्या ठिगळावर तुझी काकू रिटायर होईपर्यंत एक दिवस उशिरा पोचली नाही. आता लिही."

मी लिहिलं.

माणसं येऊ लागली. पहिलं एक जोडपं आलं, त्यांना लग्नाआधीचे फोटो काढायला गाडी फक्त एका दिवसासाठी हवी होती. मुलगी बॉनेटवर बसायला गेली. काकांनी फडकं पुढे केलं, "बस, पण हे खाली घालून बस. साडी खराब होईल." साडीची काळजी अजिबात नव्हती, हे मला कळत होतं. मग अंधेरीचा एक हॉटेलवाला आला. गाडी मधोमध कापून पुढचा अर्धा भाग बारच्या भिंतीवर लावायचा, दिवे चालू ठेवायचे, अशी त्याची कल्पना. काकांनी त्याला चहा दिला, बिस्किटं दिली, शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मागचा अर्धा?"

"तो काय कामाचा, अंकल?"

"मग तू पण अर्धाच चहा पी," म्हणून त्यांनी त्याच्या हातातला कप काढून घेतला.

तारीख जवळ येत होती. बिल्डिंगमधली अर्धी घरं रिकामी झाली होती. रात्री जिन्यात दिवे नसायचे. अशात सांताक्रूझहून विराज नावाचा एक माणूस आला. तिशीतला, मऊ बोलणारा. जुन्या गाड्या घेऊन, पूर्ववत करून विकणं हा त्याचा धंदा. तो मडमपाशी येऊन आधी नुसता उभा राहिला. काकांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी स्वतःहून बॉनेट उघडलं. विराजने टॉर्च लावून सगळं बघितलं, खाली झोपून बघितलं. उठला तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टाची वाट लागली होती.

"अंकल, खोटं नाही बोलणार. बॉडी अप्रतिम आहे. इतकी सांभाळलेली मी बघितली नाही. पण इंजिन…" त्याने शब्द शोधला. "हे इंजिन मला चालणार नाही. हिचं मूळचं कुठे आहे?"

"आहे एकाकडे. माहुलला."

विराजचे डोळे चमकले. "जाम झालेलं असू दे, गंजलेलं असू दे. आणा. आमच्या खर्चाने उभं करतो, इथेच बसवतो. तुम्ही स्वतः चालवत गेटबाहेर काढा. प्रॉमिस."

त्या रविवारी काकांनी मला विचारलं, "येतेस? त्या मुलाने इंजिनावरच्या नंबराचा फोटो मागितलाय, तो मला काढता येत नाही." मी गेले. कंपाउंडच्या बाहेर मडममध्ये बसायची माझी पहिलीच वेळ. हायवेवर बाजूच्या गाड्यांतून लोक मोबाइल काढून शूटिंग करत होते. मी मान खाली घातली. काका समोर बघत होते. काकूही असंच करायच्या, म्हणाले. पदर डोक्यावरून घ्यायच्या आणि घाटकोपर येईपर्यंत पर्समध्ये काहीतरी शोधत राहायच्या.

माहुलला रिफायनरीच्या भिंती संपल्या की एकदम खाडी येते. तेलाचा आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास एकमेकांत मिसळलेला. हिराजी नाखवा दारातच जाळं घेऊन बसले होते. गोदीतल्या दिवसांपासूनचे काकांचे दोस्त. काकांना बघून उठायला गेले, पण गुडघ्यांनी ऐकलं नाही.

"पेंडुरकर! मेला नाय अजून?"

"तुझ्या आधी नाय जायचो. नाखवा, मी दिलेलं ते इंजिन आहे का रे?"

"कुठलं?"

"मडमचं."

हिराजी हसायला लागले, हसता हसता खोकले. "अरे ते! होडीला बसवलेलं ना. चाललं की चांगलं, दोन-तीन वर्सं. मग खाऱ्या पान्यानं खाल्लं. चल, दावतो."

ओहोटी होती. चिखलात होड्या कलंडलेल्या. हिराजी माझ्या खांद्यावर हात ठेवून धक्क्यापर्यंत आले आणि एका निळ्या होडीकडे बोट केलं. "ती माझ्या नातवाची. आता तिची दोरी बघ."

होडीच्या नाकापासून एक जाड दोरी निघून चिखलात शिरली होती. जिथे शिरत होती तिथे एक काळा उंचवटा होता. शिंपल्यांनी भरलेला.

"नांगर केला त्याचा," हिराजी म्हणाले. "असा नांगर खाडीत दुसऱ्या कोनाकडं नाय. वादळ झालं, बाजूच्या होड्या सुटून गेल्या. ही हलली नाय."

मी काकांकडे बघितलं नाही. खिशातला मोबाइल काढायचा की नाही तेही मला समजेना.

"नंबर दिसेल का हो त्याच्यावर?" मी विचारलं.

"कसला नंबर पोरी? खाडी काय ठेवते काय? तुला पायजे तर काढतो रे, पेंडुरकर. पोरं लावतो, आत्ता काढतो."

काका धक्क्यावर उकिडवे बसले. नजर त्या दोरीवर होती. मग म्हणाले, "आणि होडी कशाला बांधशील?"

"बघू काय तरी."

"राहू दे," काका म्हणाले. "कामाला लागलंय ते. असू दे."

आम्ही परत निघालो. मुलुंडच्या सिग्नलला फक्त एवढंच म्हणाले, "विराजला फोटो नको पाठवू. सांग, नाही मिळालं."

विराज तरीही आला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. मडम घ्यायला तो तयार होता, पण नुसती बॉडी म्हणून. इंजिन तो बाहेरच्या देशातून मागवणार होता. गेट उघडं होतं आणि रस्त्यावर त्याचा ट्रक उभा होता. "अंकल, तुमची अट मी विसरलो नाही. आत्ता तुम्ही गेटबाहेर चालवत न्या. आम्ही पुढे कोपऱ्यावर ट्रकवर चढवू."

"आणि हे इंजिन?"

"ते गोडाऊनला गेल्यावर काढू. त्याचं काय… भंगारवाला नेईल."

काकांनी खांद्यावरचं फडकं काढलं, घडी केली, पुन्हा खांद्यावर ठेवलं. खाली सावंत होते, मी होते, सामान बांधणारे दोन-तीन शेजारी होते. सगळे वाट बघत होते की आता काका थाप मारतील आणि म्हणतील, उठा.

"इंजिन इथेच उतरवा," काका म्हणाले.

"अंकल, मग गाडी ढकलून न्यावी लागेल."

"माहीत आहे."

सावंत हळूच म्हणाले, "काका, तुमची अट…"

"अट मडमची होती," काका म्हणाले. "इंजिन तुझ्या काकूचं आहे. ते भंगारात नाही जायचं."

विराजची माणसं साखळी आणि कप्पी घेऊन आली. दुपारपर्यंत इंजिन खाली उतरलं, गिअरबॉक्ससकट, लाकडी फळ्यांवर. मग त्यांनी मडमला ढकललं. ती इतकी हलकी झाली होती की दोघंच पुरले. गेटातून जाताना चाकांचा नुसता करकर आवाज झाला. काका तेव्हा पाठ करून इंजिनावर ताडपत्री घालत होते. गाडीची ताडपत्री, त्यामुळे ती फार मोठी पडत होती. ते ती पुन्हा पुन्हा दुमडत राहिले.

आम्ही सगळे पांगलो. काका ठाण्याला एका खोलीत राहायला गेले, असं कळलं. काही महिन्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर ते गेल्याचा मेसेज आला. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग. मी काही लिहिलं नाही. तोपर्यंत बिल्डिंगही पडली होती. फळ्यांवरच्या त्या इंजिनाचं काय झालं ते मी कुणाला विचारलं नाही.

पण पाडकाम सुरू व्हायच्या आधी एका रविवारी सकाळी मी तिथे गेले होते. आईची तुळशीची कुंडी गच्चीवर राहिली होती. बिल्डिंगच्या खिडक्या काढून नेल्या होत्या, भिंतीत नुसती भोकं. गेटपाशी आले आणि ताडपत्रीचा खसखस आवाज ऐकू आला.

काका होते. ठाण्याहून बसने आले असावेत, पायाशी पिशवी होती. त्यांनी इंजिनाला बॅटरी जोडली होती, बाजूच्या स्टुलावर पेट्रोलचा डबा ठेवून त्यातून नळी काढली होती. वाकून त्यांनी त्या लोखंडावर थाप मारली. काय म्हणाले ते माझ्यापर्यंत आलं नाही, पण ओठ हलले.

इंजिन सुरू झालं. फळ्यांवर, जमिनीवर, तिथल्या तिथे. तोच आवाज. फळ्या थरथरत होत्या.

मग काका मागे सरकले आणि खुर्चीवर बसले. कुणीतरी टाकून गेलेल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या त्यांनी तिथे मांडल्या होत्या, शेजारी शेजारी, तोंडं गेटकडे. ते उजवीकडच्या खुर्चीवर बसले होते. डावी रिकामी होती, आणि त्यांनी ती फडक्याने पुसली असावी, कारण बाकी सगळीकडे धूळ होती आणि ती खुर्ची तेवढी स्वच्छ होती.

त्यांनी मला पाहिलं की नाही, मला माहीत नाही. हाक मारली नाही. ते समोर बघत होते, हायवेवर बघायचे तसे. मी कुंडी न घेताच परतले.